कागदाचा वाघ आणि बाकीच्या चौदा गोष्टी

केन लियूचा 'द पेपर मेनॅजरी अँड अदर स्टोरीज' वाचून संपला आणि तेव्हापासून कुणाशी तरी त्याबद्दल बोलल्याशिवाय चैन पडत नाहीये. घरात सांगून झालं, ऑफिसात डबा खाताना सांगून झालं, आता इथे सविस्तर लिहिते. पुस्तक तसं नवीन नाही, २०१६ चं आहे, एकूण पंधरा गोष्टी, काही एका बैठकीत संपणाऱ्या तर काही चांगल्या लघुकादंबरीएवढ्या लांब. विज्ञानकथाही आहेत आणि फँटसीही, आणि कुठली गोष्ट कशात मोडते या भानगडीत लेखक पडतच नाही, प्रस्तावनेत सरळ म्हणतो की हा फरक मी फारसा मानत नाही. वाचल्यावर मलाही तो मानावासा वाटेना.

लेखकाबद्दल थोडं सांगते कारण ते गोष्टींमध्ये सतत झिरपतं. जन्म १९७६ चा, चीनमधल्या लानचौचा, अकरा वर्षांचा असताना अमेरिकेत आला, हार्वर्डला इंग्रजी साहित्य शिकला, मग सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, मग परत हार्वर्डलाच कायद्याचं शिक्षण आणि वकिली. लिऊ त्सशिनच्या 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम' या चिनी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद यानेच केलाय, ज्याला २०१५ साली ह्यूगो हे विज्ञानकथेतलं मोठं पारितोषिक मिळालं, अनुवादित कादंबरीला ते पहिल्यांदाच मिळत होतं. म्हणजे कोडिंग, कायदा, अनुवाद असं सगळं एकाच माणसाने केलंय आणि गोष्टींत ते दिसतं. यंत्राचं वर्णन करताना हा माणूस भारावून जातो, कोर्टातला युक्तिवाद लिहिताना रंगात येतो.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची विज्ञानकथेशी ओळख नारळीकरांमुळे झाली, माझीही. 'यक्षांची देणगी' शाळेच्या वयात वाचलं आणि तिथे विज्ञानातली एक कल्पना घेऊन ती शेवटपर्यंत तर्काने कशी न्यायची हे बघायची सवय लागली. मला ती पद्धत आजही आवडते. इथे तर्क आहेच पण तो वेगळ्या कामाला लावलाय. माणसाच्या मनाबद्दल जी एखादी गोष्ट आपण फक्त बोलण्यापुरती म्हणतो ती खरोखरच तशी आहे असं धरायचं आणि मग तिचे सगळे व्यावहारिक परिणाम नीट, हिशोबाने मांडत जायचं. माणसाचा आत्मा बर्फाचा खडा असेल तर? ठीक आहे, मग फ्रीज किती लागतील, लाइट गेले तर काय, उन्हाळ्यात प्रवास कसा करायचा? असं.

आणि पंधराही गोष्टी वाचून झाल्यावर मला जाणवलं की हे पूर्ण पुस्तक एकाच प्रश्नाभोवती फिरतंय. एखादी गोष्ट जपून ठेवायची म्हणजे काय करायचं, आणि जपताना तिचं काय होतं. आठवण असेल, माणूस असेल, इतिहास असेल. जवळपास प्रत्येक गोष्टीत कुणीतरी काहीतरी सांभाळून ठेवायला धडपडतंय आणि त्याची किंमत मोजतंय.

पहिल्याच गोष्टीपासून हे सुरू होतं. तिच्यात कथानक असं नाहीच, वेगवेगळ्या ग्रहांवरच्या जीवांमध्ये पुस्तकं कशी बनवतात याची टिपणं आहेत फक्त. त्यातले अलेशियन नावाचे जीव लिहितात ते सोंडेसारख्या अवयवाच्या कठीण टोकाने, मऊ पृष्ठभागावर खाच पाडून, जशी जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर असायची तशी. लिहिताना लिहिणाऱ्याचा आवाज, त्याची थरथर, थांबणं, सगळं त्या खाचेत उतरतं. वाचायचं म्हणजे तेच टोक त्या खाचेतून फिरवायचं, की डोक्यात तो आवाज परत घुमतो. पण प्रत्येक वेळी टोक फिरलं की खाच थोडीशी झिजते! म्हणजे वाचणं हेच पुस्तक पुसणं. मग या लोकांनी काय केलं तर मूळ पुस्तकं कुलुपात ठेवली, जी क्वचितच कुणाला वाचायला मिळतात, आणि लोकांमध्ये फिरतात त्या प्रती, प्रतींच्या प्रती, त्यांची स्पष्टीकरणं, त्यांच्यावरचे वाद. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून जरा वेळ नुसती बसले होते. दोन-तीन पानांत एवढं? याच गोष्टीत टल-टॉक नावाचे जीव आहेत जे विश्वातलं सगळंच पुस्तक म्हणून वाचतात आणि कृष्णविवरं ही त्यांच्या लेखी सगळ्यात मोठी पुस्तकं. मला मात्र ते खाचवाले जास्त आवडले. ही गोष्ट पहिली का ठेवलीय हे शेवटच्या गोष्टीला पोचल्यावर कळतं, त्याबद्दल पुढे.

दुसरी ती बर्फाच्या खड्याची, 'स्टेट चेंज'. या जगात प्रत्येक माणूस जन्मतो तेव्हा त्याचा आत्मा एखाद्या वस्तूच्या रूपात त्याच्याबरोबर येतो आणि ती वस्तू जवळ ठेवावी लागते. रीना नावाच्या मुलीच्या वाट्याला आलाय बर्फाचा खडा. तिचं सगळं आयुष्य त्या खड्याभोवती बेतलेलं आहे. घरात एकापेक्षा जास्त फ्रीज, आणि स्वयंपाकघरातले दोन वेगवेगळ्या सर्किटवर, म्हणजे एकाचा फ्यूज उडाला तरी दुसरा चालू राहावा. रोज रात्री झोपायच्या आधी ती सगळे फ्रीज तपासून येते. ऑफिसला जाताना खडा बरोबर न्यायचा, तिथेही छोटा फ्रीज. ती कुणाशी फार बोलत नाही, जवळ जात नाही, कारण जवळ जाणं म्हणजे ऊब आणि ऊब म्हणजे धोका. आणि फावल्या वेळात ती प्रसिद्ध माणसांची चरित्रं वाचते, तीही त्यांचे आत्मे काय होते यासाठी. एडना सेंट व्हिन्सेंट मिलेचा आत्मा मेणबत्ती, टी. एस. एलियटचा कॉफीचा डबा, सिसेरोचा साधा खडा. ज्यांनी या लोकांचं वाचलंय त्यांना ते पटकन लागतं, नाही वाचलं तरी काही अडत नाही. तिची एक मैत्रीण आहे एमी, तिचा आत्मा सिगरेटचं पाकीट, आणि ती पठ्ठी एकेक सिगरेट ओढत चाललीय. मग पाकीट संपलं की? शेवट सांगत नाही. एवढंच सांगते की शाळेत स्थायू-द्रव-वायू शिकलेल्या माणसाला तो शेवट आधीच समोर दिसत असायला हवा, तरी दिसत नाही, आणि कळतो तेव्हा इतका बरोबर वाटतो की बास.

आता ज्या गोष्टीवरून संग्रहाचं नाव आहे ती. २०११ ची, आणि ह्यूगो, नेब्युला आणि वर्ल्ड फँटसी ही तिन्ही पारितोषिकं मिळवणारी पहिलीच साहित्यकृती. पारितोषिकांचं ऐकून मी जरा सावध होऊनच वाचायला घेतली होती, पण पहिल्या दोन पानांतच तो सावधपणा कुठच्या कुठे गेला. ज्यांना काहीच कळू न देता वाचायची आहे त्यांनी इथून पुढचे तीन परिच्छेद सोडून द्या, कारण या गोष्टीबद्दल अर्धवट बोलणं मला जमणार नाही.

जॅक हा अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये वाढणारा मुलगा, वडील अमेरिकन, आई चिनी. वडिलांनी आईला कॅटलॉगमधून निवडून लग्न करून आणलेलं. लहान जॅक रडतोय, काही केल्या गप्प होत नाही. आई त्याला स्वयंपाकघरात नेते, फ्रीजवर ठेवलेल्या गठ्ठ्यातून एक कागद ओढते. ख्रिसमसच्या भेटींवरचा कागद, जो तिने न फाडता, जपून, कापून काढून साठवून ठेवलाय. (आपल्याकडे असे कागद गादीखाली सापडतात, घरोघरी.) कागदाची कोरी बाजू वर करून ती घड्या घालायला लागते, घडी, चुणी, दुमड, वळवणं, आणि कागद तिच्या ओंजळीत दिसेनासा होतो. मग ती ते तोंडाजवळ नेते आणि फुंकर घालते. आणि टेबलावर एक छोटा वाघ उभा. पांढऱ्या अंगावर लाल-हिरवं ख्रिसमसचं नक्षीकाम असलेला. शेपूट हलवतो, झडप घालतो, गुरगुरतो, आणि गुरगुर कशी तर कागदाच्या सळसळीसारखी.

मग बकरी होते, हरीण होतं, म्हैस होते, आणि इथे मला लेखकाचं सगळ्यात जास्त कौतुक वाटलं, कारण जादू असली तरी कागद हा कागदच राहतो. म्हशीला डुंबायचं असतं म्हणून ती जेवणाच्या टेबलावर सोया सॉसच्या वाटीत उडी मारते, सॉस तिच्या पायांतून वर चढत जातो, पाय लिबलिबित होऊन ती मटकन बसते. उन्हात वाळवली तरी पाय वाकडेच, शेवटी आई पायांना प्लास्टिक गुंडाळून देते, की आता डुंब खुशाल. वाघ चिमण्यांच्या मागे लागतो आणि एका वैतागलेल्या पाखराकडून कान फाडून घेतो, त्याला टेप लावावी लागते. शार्क हवा म्हणून कागदाचा केला तर तो भिजून बुडाला, मग चकचकीत फॉइलचा केला, तो छान पोहला. मी ही गोष्ट आईला तोंडी सांगितली मराठीत, ती इंग्रजी पुस्तकं वाचत नाही, तर भाजी निवडता निवडता तिचे हात थांबले ते म्हशीपाशीच. पुढचं सांगताना मला माझाच आवाज सांभाळावा लागला.

कारण पुढे जॅक मोठा होतो. शेजारचा मुलगा चकचकीत प्लास्टिकचं खेळणं घेऊन येतो, कागदी वाघाला हसतो, भांडणात वाघ फाडतो. शाळेत डोळ्यांवरून चिडवतात. जॅक घरी येऊन सांगतो की माझ्याशी इंग्रजीत बोल, नाहीतर मी उत्तर देणार नाही. वडीलही त्याचीच बाजू घेतात. आई प्रयत्न करते, चुकते, हळूहळू बोलणंच कमी करते, आणि जॅक सगळी जनावरं खोक्यात भरून माळ्यावर टाकतो. आई कॅन्सरने जाते. जाताना सांगते की छिंगमिंगच्या दिवशी ते खोकं उघडत जा, हा त्यांचा पितरांना आठवायचा दिवस, आपल्या पितृपंधरवड्यासारखा पण वसंतात येणारा. जॅक विसरून जातो. मग एके दिवशी वाघ परत हलतो, जवळ येतो, आणि स्वतःहून उलगडतो. सपाट कागद होतो. आतल्या कोऱ्या बाजूवर आईचं पत्र, चिनीत, जे जॅकला वाचताच येत नाही. ते तो एका अनोळखी चिनी मुलीकडून वाचून घेतो. पत्रात आईचं सगळं आयुष्य आहे, हेबेई प्रांतातलं गाव जिथे सगळेच कागदाची जनावरं करायचे, दुष्काळ, आईबाप गेले ते, हाँगकाँगमध्ये मोलकरीण म्हणून विकली गेली ते. मुलाने कधी विचारलंच नाही ते सगळं. आणि माझ्या डोक्यातून जात नाही ती गोष्ट ही की पत्र वाचायचं तर वाघ मोडावा लागतो. तो वाघ असताना पत्र नाही, पत्र असताना वाघ नाही. माझ्या चुलत भावाची मुलं परदेशात वाढतायत, आजीशी फोनवर 'हाय आजी' आणि 'बाय आजी' याच्या पुढे त्यांना जाता येत नाही, आजी मात्र दर वेळी पूर्ण गोष्ट सांगते, फोन ठेवेपर्यंत. ही कथा वाचताना मला सतत त्या आजीचं बोलणं ऐकू येत होतं.

'गुड हंटिंग' मुद्दाम निवांत वाचा. सुरुवात अगदी लोककथेसारखी, भूतं-पिशाच्चं पकडणाऱ्या बापाचा मुलगा लियांग आणि यान नावाची हुलीचिंग, म्हणजे बाईचं रूप घेऊ शकणारी कोल्हीण. मग गावात इंग्रजांची रेल्वे येते, रूळ टाकले जातात, आणि जमिनीतली जादू आटायला लागते. लियांगचा धंदा बसतो, यानला कोल्ह्याचं रूप घेता येईनासं होतं, दोघंही पोटासाठी हाँगकाँगला. तिथे लियांग वाफेची यंत्रं शिकतो, डोंगरावर चढणाऱ्या ट्रामच्या इंजिनांवर काम करतो. पुढे यानवर जे ओढवतं ते वाचवत नाही, पण त्यातून दोघं मिळून जे घडवतात ते वाचून मी उठून उभी राहिले होते. जादू गेली याचं रडगाणं न गाता नवीन जादू त्याच लोखंडातून काढायची! नेटफ्लिक्सच्या 'लव्ह, डेथ अँड रोबॉट्स'च्या पहिल्या सीझनमध्ये, २०१९ ला, यावर ॲनिमेशनपट आलाय. बघा जरूर, पण आधी वाचा, कारण बापाचं आणि मुलाचं जे नातं गोष्टीत आहे ते पडद्यावर घाईत जातं.

सगळ्याच गोष्टी या तोडीच्या आहेत असं नाही. 'द परफेक्ट मॅच'मध्ये एक कंपनी तुमच्यासाठी सगळं ठरवते, काय खायचं, कुणाला भेटायचं, आणि आज आपण सगळे तसेच जगतोय म्हणून ती गोष्ट जुनी वाटते, पात्रंही युक्तिवाद करायलाच आणल्यासारखी. 'द रेग्युलर' ही बॉस्टनमधली डिटेक्टिव्ह कथा आहे, भावना ताब्यात ठेवणारं यंत्र शरीरात बसवून घेतलेली नायिका, वेगवान आहे, एका दमात होते, पण नंतर मनात फारशी राहत नाही. 'द वेव्ह्ज' मोठ्या आवाक्याची, पृथ्वी सोडून निघालेल्या जहाजावर अमर व्हायची युक्ती पोचते आणि आता प्रश्न असा की कुणी मरणारच नसेल तर जहाजावर नवीन माणसाला जागा कुठून येणार. त्यातली आई आणि मुलं यांच्यातला भाग छान, पुढे ती फारच दूर जाते माझ्यासाठी.

पण 'सिम्युलाक्रम' लहान असून पक्की बसली. वडिलांनी असं यंत्र बनवलंय की माणसाचं त्या क्षणाचं जिवंत वाटणारं रूप टिपून ठेवता येतं. मुलगी मोठी होऊन वडिलांपासून तुटलीय, आणि वडील तिच्या सात वर्षांच्या रूपाशी बोलत बसतात. त्यांना वाटतं आपण मुलीला जपलंय. मुलीला वाटतं, माझ्याऐवजी तिला जपलंय. लहान मुलांचे व्हिडिओ तासन्तास बघणाऱ्या आपल्या पिढीने ही वाचायलाच हवी.

'मोनो नो अवेअर' ला २०१३ चं ह्यूगो मिळालं. पृथ्वीवर लघुग्रह आदळणार, मोजकीच माणसं अवकाशात निघू शकतात, हिरोतो नावाचा जपानी मुलगा आईवडिलांच्या ओळखीमुळे एका अमेरिकन जहाजावर चढवला जातो आणि मग त्या जहाजावरचा तो एकटाच जपानी. वडिलांनी शिकवलेला गो नावाचा पटावरचा खेळ, कुरुमे या गावाच्या थोड्या आठवणी, एवढ्यावर त्याला पूर्ण देश स्वतःत सांभाळायचाय. जहाजाच्या अवाढव्य शिडाला भोक पडतं आणि ते दुरुस्त करायला जाणं त्याच्यावर येतं. गो मध्ये एकेक सोंगटी स्वतः नायक नसते, पण सगळ्या मिळून पट जिंकतात, हे वडिलांचं सांगणं तिथे कामाला येतं. माझे डोळे भरून आले, स्पष्ट सांगते.

'ऑल द फ्लेवर्स' मध्ये तर विज्ञान नाहीच, जादूसुद्धा आहे की नाही हे तुम्ही ठरवायचं. अमेरिकेत आयडाहो सिटी नावाचं सोन्याच्या खाणींचं गाव, तिथे आलेले चिनी मजूर, आणि त्यांच्या स्वयंपाकाच्या वासाने ओढली जाणारी लिली नावाची छोटी मुलगी. लाल चेहऱ्याचा धिप्पाड लाओ गुआन तिला ग्वान यू या चिनी युद्धदेवाच्या गोष्टी सांगतो आणि सांगता सांगता तोच ग्वान यू आहे की काय असं वाटायला लागतं. मला धक्का बसला तो लेखकाने दिलेल्या माहितीने. १८७० च्या जनगणनेत आयडाहो प्रदेशातली २८.५ टक्के वस्ती चिनी होती! नंतर १८८२ चा चिन्यांना येऊ न देणारा कायदा आला आणि ही वस्ती विरत गेली. म्हणजे एक चतुर्थांशाहून जास्त माणसं एका प्रदेशाच्या आठवणीतून पुसट होऊ शकतात. लियूने त्यांना परत आणलं ते भांडून नाही, तिखट, आंबट, गोड असं एकेक ताट वाढून. ही गोष्ट भुकेल्या पोटी वाचू नये.

आता पुस्तकातल्या जड गोष्टी. 'द लिटरोमॅन्सर'मधली अमेरिकन मुलगी १९६१ च्या तैवानमध्ये एका प्रेमळ म्हाताऱ्याशी मैत्री करते आणि घरी येऊन निरागसपणे त्याच्याबद्दल बोलते, बस, एवढ्यानेच किती भयंकर घडतं ते मी लिहूही शकत नाही. 'द लिटिगेशन मास्टर अँड द मंकी किंग' मात्र भयंकर असून उभारी देते. तिएन हाओली हा गावातला बिलंदर वकील, म्हणजे गोरगरिबांच्या बाजूने कोर्टात शब्दांचे खेळ करून केस जिंकून देणारा, आणि त्याच्या डोक्यात सुन वुकोंग हा वानरराजा त्याच्याशी गप्पा मारतो. मग त्याच्या हातात एक बंदी घातलेलं पुस्तक येतं. १६४५ साली चीन जिंकत आलेल्या मांचू सैन्याने यांगचौ शहरात जी कत्तल केली तिचा दहा दिवसांचा वृत्तांत, वांग शिउचू या त्यातून जिवंत वाचलेल्या माणसाने लिहिलेला. हे पुस्तक खरं आहे, चीनमध्ये ते अडीचशे वर्षं दडपलेलं होतं आणि जपानमध्ये राहिलेल्या प्रतींमधून परत आलं. तर या पुस्तकाला सुरक्षित बाहेर पोचवायचं की आपला जीव वाचवायचा एवढाच प्रश्न, आणि ज्याला प्रश्न पडलाय तो काही शूरवीर नाही, चार पैसे मिळवून, पोटभर खाऊन झोपणारा माणूस आहे. वानरराजा त्याला धीर देतो तो भाग मी मोठ्याने वाचला.

आणि शेवटची, 'द मॅन हू एंडेड हिस्टरी'. ही डॉक्युमेंटरीच्या स्वरूपात लिहिलीय, मुलाखती, संसदेतल्या साक्षी, रस्त्यावरच्या लोकांची मतं, असं एकापुढे एक. दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराचं युनिट ७३१ चीनमधल्या हार्बिनजवळ पिंगफांगला होतं, तिथे जिवंत माणसांवर प्रयोग झाले, रोगाचे जंतू टोचून, हातपाय गोठवून. युद्धानंतर अमेरिकेने त्या प्रयोगांच्या माहितीच्या बदल्यात युनिटचा प्रमुख शिरो इशिई आणि त्याच्या लोकांना खटल्यातून मोकळं सोडलं. हा सगळा खरा इतिहास. गोष्टीत एवढंच घातलंय की अकेमी किरिनो ही जपानी वंशाची शास्त्रज्ञ आणि तिचा चिनी वंशाचा इतिहासकार नवरा इव्हान वेई भूतकाळ प्रत्यक्ष बघायची पद्धत शोधतात. पण अट अशी की एखादी जागा आणि एखादी वेळ एकाच माणसाला, एकदाच बघता येते, बघितली की तो पुरावा कायमचा संपला.

आठवलं का? त्या अलेशियनांच्या खाचा! पहिल्या गोष्टीत गमतीने आलेली कल्पना शेवटच्या गोष्टीत एवढी भीषण होऊन परत येते. आता भूतकाळ बघायला कुणाला पाठवायचं? इतिहासकार म्हणतात आम्हाला, प्रशिक्षित माणसाला. इव्हान पाठवतो त्या मेलेल्यांच्या नातेवाइकांना. ते परत येऊन रडत सांगतात, आणि जग म्हणतं की हा काय पुरावा झाला, ही तर ऐकीव गोष्ट, आणि तपासायला आता काहीच उरलेलं नाही. शिवाय सरकारं भांडतात की हार्बिन तेव्हा ज्यांच्या ताब्यात होतं त्यांचा तो भूतकाळ की आज ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचा. मी वाचताना दर चार पानांनी बाजू बदलत होते. इव्हान चुकला असं वाटायचं, मग एक म्हातारी बाई आपल्या मावशीला शेवटचं बघून आल्याचं सांगते आणि वाटायचं की हिला नाही पाठवायचं तर कुणाला. लेखक उत्तर देत नाही. पण दोन्ही बाजूंना इतक्या मनापासून बोलायला देतो की हे असं मी फार थोड्या ठिकाणी वाचलंय, आणि हीच माझ्या मते संग्रहातली सगळ्यात मोठी गोष्ट, कागदी वाघाहूनही मोठी.

ज्यांना हे पुस्तक घ्यायचंय त्यांच्यासाठी, छापलेल्या क्रमानेच वाचा, मधूनच उघडू नका, वर सांगितलं त्या कारणासाठी. एका दिवशी एकच गोष्ट, निदान कागदी वाघ आणि शेवटच्या तीन गोष्टींच्या बाबतीत तरी. इंग्रजी सोपं आहे, वाक्यं छोटी, चिनी नावांना सुरुवातीला अडखळायला होतं पण दुसऱ्या-तिसऱ्या गोष्टीपर्यंत सवय होते. विज्ञानकथा आवडत नाहीत म्हणणाऱ्या माणसाला द्यायचं असेल तर 'ऑल द फ्लेवर्स' आधी वाचायला सांगा, तेवढ्यापुरता क्रम मोडला तरी चालेल. कॉलेजातल्या मुलांना 'गुड हंटिंग'. शाळकरी मुलांच्या हातात मात्र हे पुस्तक तसंच देऊ नका, यातल्या काही गोष्टी फार क्रूर आहेत, त्यांना कागदी वाघाची गोष्ट तुम्हीच सांगा, तोंडी, मराठीत, आणि सोया सॉसचा प्रसंग गाळू नका.

लियूचा पुढचा संग्रह 'द हिडन गर्ल अँड अदर स्टोरीज' २०२० ला आलाय, तो मी मागवलाय.